यादीत नसलेला जिल्हा

"उंदीर झोपवा आधी. मग बोलू."

हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, ते आपल्या टेबलाशी येऊन उभे आहेत. मग ते आपल्या हाताखालचा माऊस अलगद काढून घ्यायचे आणि टेबलाच्या कडेला उताणा ठेवायचे. त्याच्या पोटातला लाल दिवा छताकडे बघत लुकलुकत राहायचा. "आता कसे दोन्ही हात मोकळे झाले," ते म्हणायचे. "देवानं दहा बोटं देली अन् तुम्ही एका बोटानं टिचक्या मारून राहिल्या. काहून?"

'काहून' म्हणजे 'का', हे पुढे अख्ख्या मजल्याला पाठ झालं.

तुम्ही जिथे नोकरी केली असेल, तिथेही असा एखादा माणूस असणारच. त्याचं एका बारीकशा गोष्टीवर इतकं प्रेम असतं, की आपल्याला आधी हसू येतं, मग वैताग येतो आणि पुढे पुढे त्याच्याशिवाय करमत नाही. आमच्या चंदीगडच्या ऑफिसात ते होते. आमचे सेक्शन ऑफिसर. आणि प्रेम कशावर, तर स्प्रेडशीटमध्ये फॉर्म बनवण्यावर. तोही माऊसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर.

ऑफिस केंद्र सरकारचं. आमच्या सेक्शनचं काम म्हणजे सगळ्या उपकार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांची माहिती मागवायची आणि ती नीट लावून ठेवायची. अख्ख्या मजल्यावर मराठी माणसं दोनच, ते आणि मी. मी बदली होऊन आले त्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही सांगलीच्या ना? मी दारव्ह्याचा. यवतमाळ जिल्हा. तिकडं आपल्या मधात अख्खा महाराष्ट्र आहे, पण इथं आपण शेजारी." एवढं बोलून त्यांनी माझा माऊस उताणा केला आणि निघून गेले. मला वाटलं, माऊस बिघडलेला असावा.

बोलताना वाक्यागणिक ते 'जी' लावायचे. ऑफिसातल्या पंजाबी मंडळींना वाटायचं, साहेबांनी आपल्याकडून उचललं. ते मात्र ठासून सांगायचे, "हे आमच्या घरचं जी आहे जी. येतानाच संगं आणलं होतं."

त्यांच्या फॉर्मची गंमत सांगायला हवी. एरवी लोक शीट पाठवतात म्हणजे काय, तर रिकामा तक्ता. ज्याला जिथे जे वाटेल ते तो भरतो. यांच्या फॉर्ममध्ये तशी सोयच नव्हती. भरायच्या चौकटी तेवढ्या उघड्या, बाकी सगळं कुलूपबंद. टॅब दाबला की माणूस पुढच्या चौकटीत जायचा, मधे कुठे भरकटायचा प्रश्नच नाही. तारखेच्या चौकटीत तारीखच बसायची. ज्या चौकटीला उत्तरं ठरलेली, तिथे यादी उघडायची आणि त्यातलंच एक निवडायचं.

चौकटीला अशी यादी लावायची तर आधी ऑल्ट, मग डी, मग एल अशी बटणं दाबावी लागतात. ती आमच्या लक्षात राहावीत म्हणून त्यांनी एक मंत्र केला होता. "ऑल्ट म्हणजे हॉल्ट. गाडी थांबली. डी म्हणजे दारव्हा. एल म्हणजे लाडखेड. आमच्या छोट्या रेल्वेचे ठेसनं आहेत हे. हॉल्ट, दारव्हा, लाडखेड. विसरालच कसे?"

ज्यांनी यवतमाळ नकाशातही पाहिलं नव्हतं, ती हिसारची आणि पतियाळ्याची माणसं ओठातल्या ओठात 'हॉल्ट, दारव्हा, लाडखेड' पुटपुटत काम करायची. शेजारच्या टेबलावरच्या ढिल्लोंजींनी एकदा भक्तिभावानं विचारलं, "सर जी, ये लाडखेड कोई देवी है?"

"देवीच समझो," ते म्हणाले. "प्रसन्न हुई तो लिस्ट खुल जाती है."

पण खरी करामत होती चुकीच्या निरोपांची. चौकटीत भलतंच काही भरलं की पडद्यावर एक निरोप उमटतो. तो काय असावा, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या हातात असतं. इतरांच्या शीटमध्ये तिथे कोरडं काहीतरी येतं. यांच्या फॉर्ममध्ये एखाद्याने जन्मतारखेच्या आधीची नोकरीची तारीख टाकली, तर निरोप यायचा, 'आप जन्म से पहले ही भर्ती हो गए थे? बधाई. कृपया दुबारा देखें.' मोबाईलच्या नंबरात एक आकडा कमी पडला, तर 'एक अंक कम है. जेब में देखिए.'

एकदा मुख्यालयातून फोन आला, की ही भाषा सरकारी नाही. ते फोनवर अगदी नम्रपणे "हो जी, हो जी" म्हणाले. आठवडाभर निरोप कोरडे झाले. मग हळूच परत आले. फक्त प्रत्येकाच्या आधी 'महोदय' लागलं होतं. 'महोदय, आप जन्म से पहले ही भर्ती हो गए थे?' हे पहिल्यापेक्षा जास्त झोंबत होतं. ढिल्लोंजी तर नवा फॉर्म आला की मुद्दाम चुकीचं भरायचे, निरोप वाचायला. सरांना ते ठाऊक होतं. म्हणून ते निरोप बदलत राहायचे.

कुलपांच्या या धन्याला एकदा आपलंच कुलूप उघडेना. शीट बंद केलेलं, पासवर्ड विसरलेला आणि वर साहेब ते शीट मागतायत. खुर्चीत बसून कपाळाला हात लावलेले ते मला अजून दिसतात. शेवटी त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अहो, तुम्ही काय ठेवणार दुसरं? केतकीचं नाव टाकून पाहा." केतकी त्यांची मुलगी, एकुलती एक. त्यांनी नाव टाकलं. शीट उघडलं. ढिल्लोंजी टेबलावर थाप मारून हसले, तसे हे कान लाल करून म्हणाले, "हसायले काय झालं? सोपं नाव आहे."

त्यांचं घर चंदीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्यात. मी एकटी राहते म्हटल्यावर काकू मला सणावाराला बोलावू लागल्या आणि मग सणावाराची गरजही राहिली नाही. काकूंचं माहेर मुलताईचं, म्हणजे मध्य प्रदेशातलं. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असायची, की कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते ते कळायचं नाही. केतकी इथेच वाढलेली, जवळच्याच डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायच्या विभागात कामाला. बाप मराठीत बोलायचा, मुलगी हिंदीत उत्तर द्यायची आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

"केतकी, डबा घेतला का?"

"ले लिया, बाबा."

"अन् स्वेटर?"

"बाबा, आप फिर शुरू हो गए."

मग केतकीसाठी स्थळं बघायची वेळ आली आणि आमच्या सेक्शन ऑफिसरांनी ते काम आपल्या पद्धतीनं हातात घेतलं.

मोबाईलवर येणाऱ्या परिचयपत्रांनी ते आधीच हैराण झाले होते. वर गणपती, खाली झेंडूची फुलं आणि मधे माहितीचा गोंधळ. "एकाची उंची फुटात, दुसऱ्याची सेंटीमीटरात. एकानं शिक्षण लिहिलं, दुसऱ्यानं नुसतं 'उच्चशिक्षित'. आता तुलना कशी करायची जी?" आठवडाभरात त्यांनी फॉर्म तयार केला. मला दाखवायला आणला, तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद, की लग्नच ठरलं असं वाटावं.

उंचीला यादी. शिक्षणाला यादी. जिल्ह्याला यादी, महाराष्ट्रातले सगळे जिल्हे ओळीनं. आणि 'मराठी' या चौकटीत तीन पर्याय : 'बोलतो', 'समजतो पण हिंदीत उत्तर देतो', 'समजत नाही'. सगळं भरेपर्यंत खालच्या चौकटीत 'अपूर्ण' असं दिसत राहायचं.

"सर, हा दुसरा पर्याय कुठून सुचला?" मी विचारलं.

"घरातूनच," ते म्हणाले.

फॉर्म ओळखीपाळखीत गेला आणि पुण्याहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. "आमच्या मुलाचं टेंडर भरायचंय का तुम्हाला?" यांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या चौकटीत अडचण आली जी?" समोरून फोन आपटला गेला. अमरावतीच्या एका घराने मात्र फॉर्म मनापासून भरून पाठवला. मुलगा चांगला, नोकरी चांगली, काकूंना फोटोही पसंत. यांनी नाही म्हटलं. का, तर त्या लोकांनी नाव मोठ्या अक्षरात बसावं म्हणून कुलूप तोडून दोन चौकटी मर्ज केल्या होत्या. "चौकटी एकत्र केल्या की टॅब अडखळते," ते मला गंभीरपणे सांगत होते. "ज्या घरात चौकटी मर्ज करतात, तिथं पोरगी कशी द्यावी?"

मी हसले. ते हसले नाहीत. मला तेव्हा शंका आली, की या माणसाला मुलीचं लग्न करायचं तरी आहे का.

एका शुक्रवारी केतकीचा फोन आला. "ताई, संडे को आप घर पे हो?" रविवारी ती आली, तेव्हा बरोबर एक उंच, रुंद खांद्यांचा मुलगा होता. दारातच बूट काढून "सत श्री अकाल, दीदी" म्हणाला आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसला. जसकरण त्याचं नाव. केतकीच्याच कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला इंजिनीयर. घर डेराबस्सीतच. दोघांचं ठरून बरेच दिवस झाले होते. घरी सांगायचं कसं, एवढंच अडलं होतं.

"मी बोलू का सरांशी?" मी विचारलं.

"नहीं," केतकी म्हणाली. "ये फॉर्म भरेगा. जैसे सब भरते हैं. बाबा की इज्जत है उसमें."

मी लॅपटॉप काढून दिला. जसकरणचा हात सवयीनं माऊसकडे गेला, तर केतकीनं तो बाजूला सारला. "टॅब," ती म्हणाली. तिनं मराठीतली चौकट वाचायची, हिंदीत सांगायची आणि त्यानं भरायची. नाव झालं. उंचीची यादी उघडली. ती सहा फुटांवर संपत होती आणि जसकरण सहा फूट दोन इंच.

"छह लिख देता हूं," तो म्हणाला. "थोड़ा झुक जाऊंगा."

शिक्षण, नोकरी, सगळं भराभर झालं. मग जिल्हा आला. त्याने 'मोहाली' लिहून एंटर दाबलं. निरोप उमटला : 'हा जिल्हा महाराष्ट्रात सापडला नाही. शांतपणे आठवून पुन्हा लिहा.'

केतकीनं अर्थ सांगितला. जसकरण खो खो हसला. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच निरोप. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा तो हसला नाही. केतकी पडद्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"ताई, इस लिस्ट में इसकी जगह है ही नहीं."

"अगं, पासवर्ड तुला माहीत आहे," मी म्हटलं. "उघड शीट. एक ओळ वाढव."

तिनं मान हलवली. "पता है मुझे. पर बाबा का दरवाज़ा है, ताई. बाबा ही खोलें तो ठीक."

दोघांनी जिल्हा रिकामा ठेवला. 'मराठी' या चौकटीत 'समजत नाही' निवडलं. खाली 'अपूर्ण' दिसत होतं, तसाच तो फॉर्म त्यांनी बाबांना पाठवून दिला. जाताना जसकरणने चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

सोमवारी ते ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेले. दिवसभर कोणाचाही उंदीर झोपला नाही. दुपारी ढिल्लोंजी माझ्याजवळ वाकून कुजबुजले, "मैडम, सर जी ठीक हैं? मैंने उनके सामने चार बार माऊस हिलाया. कुछ बोले ही नहीं."

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडला, पण घास काही उचलला नाही.

"ताई, एक फॉर्म आला."

"हो का?"

"तुमच्याच घरी भरला तो. केतकीनं काही लपवलं नाही." डबा बाजूला सारत ते म्हणाले, "अपूर्ण आहे."

"मुलगा चांगला आहे, सर. मी बोललेय त्याच्याशी."

"अपूर्ण फॉर्म मी पाहत नसतो," ते म्हणाले. "तो नेम आहे." आणि न जेवताच डबा बंद करून उठले.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. घरी बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. इकडे ऑफिसात ते एकाच शीटवर तासन् तास बसायचे. मी एकदा डोकावून पाहिलं, तर नुसत्या रेघा लावत होते आणि काढत होते. मला राग येत होता आणि कीवही. यांना पंजाबी माणसांचं वावडं होतं असं अजिबात नाही. ढिल्लोंजींच्या आईच्या आजारपणात हेच रोज दवाखान्यात जायचे. पण जावई म्हणून त्यांनी मनात जो कोणी बसवून ठेवला होता, तो वर्धा-यवतमाळकडून कुठूनतरी यायचा होता, मराठीत भांडणारा, कोथिंबिरीची सांबारवडी ओळखणारा. त्याच्या जागी कोणी दुसरं बसवायचं म्हणजे त्यांना स्वतःलाच थोडं उठून सरकावं लागणार होतं.

शनिवारी काकूंचा फोन आला. "तुम्ही या हो. नाहीतर हे दोघं असेच भिंतीकडे तोंड करून बसतील."

मी गेले. धुकं नुकतंच विरलं होतं आणि बाल्कनीत कोवळं ऊन आलं होतं. टेबलावर ताटभर सांबारवडी. (विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मलाही याच घरात कळलं.) ते लॅपटॉप उघडून पेपर वाचल्यासारखं करत बसले होते. केतकी आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटलेलं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, ते स्थळांचं शीट काढा. मला फॉर्म भरायचा आहे."

"तू? कायले?"

"समजा तुम्ही माझंच स्थळ पाहून राहिले. मी सांगते, तुम्ही लिहा."

"काहीतरीच."

"लिहा म्हटलं ना. ताईपण आहेत, साक्षीला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडी उचलली. निरुपायानं त्यांनी शीट उघडलं. नाव टाकलं. उंची विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, अंदाजानं निवडली. शिक्षण टाकलं.

"आता माहेरचा जिल्हा लिहा," काकू म्हणाल्या. "बैतूल."

त्यांची बोटं चालली आणि एंटरवर आदळली. निरोप उमटला. काकूंनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकल्या आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "'हा जिल्हा महाराष्ट्रात सापडला नाही. शांतपणे आठवून पुन्हा लिहा.' बरं. आठवते मी शांतपणे. बैतूल जिल्हा, गाव मुलताई. तापीच्या कुंडाजवळ घर. तिथंच तुमची वरात उतरली होती. तुमच्या वडलांना चहा बशीत दिला म्हणून ते रुसून बसले होते, मग माझ्या बाबांनी कप आणून दिला. तुम्ही तेव्हा मला पहिल्यांदा पाहिलं अन् जोड्यात पाय उलटा घातला. सगळं आठवतं मला. यादीतच नाही तेवढं."

त्यांनी एस्केप दाबून निरोप घालवला.

"यादी घाईत केली गेली," ते म्हणाले.

"घाईत? आठवडाभर बसले होते तुम्ही. मला भाजी आणायला जावं लागलं."

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. शीटचं कुलूप उघडायला पासवर्ड टाकला. तो काय असणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी यादीच्या तळाशी जाऊन 'बैतूल' लिहिलं. मग बोटं थांबली. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "डेराबस्सीचा जिल्हा कोणता म्हणायचा?"

आतलं दार हललं. केतकी चौकटीशी उभी होती. "मोहाली, बाबा."

त्यांनी 'मोहाली' लिहिलं. अक्षरं पुन्हा एकदा तपासली. "अन् उंची खरी काय त्याची? सहा फूट बरोबर कोणीच नसते. लोक वाढवून लिहितात."

"छह फुट दो इंच."

"मग सहा काहून लिहिलं?"

"आपकी लिस्ट छह पे खत्म होती है, बाबा," केतकी म्हणाली. "उसने कहा, थोड़ा झुक जाऊंगा."

त्यांनी चष्मा काढला, लेंग्याला पुसला, पुन्हा लावला.

"झुकायचं काम नाही," ते म्हणाले. "यादी वाढवता येते."

ते उंचीच्या यादीत शिरले आणि सहा फुटांच्या पुढे सरकत गेले, सहा-चारपर्यंत. दोन इंच जास्तच, म्हणजे पोराला जरा ऐसपैस. मग 'मराठी'ची चौकट आली.

"समजत नाही म्हणते हा."

"मैं सिखा रही हूं," केतकी म्हणाली. "थोड़ा-थोड़ा."

बराच वेळ ते त्या तीन पर्यायांकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली चौथा लिहिला : 'शिकून राहिला'.

केतकी येऊन त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि तिनं आपली हनुवटी त्यांच्या टकलावर टेकवली. ते म्हणाले, "हलू नको, टायपिंग चुकते." काकू म्हणाल्या, "वड्या गार झाल्या." मी आणखी एक वडी घेतली.

सोमवारी सकाळी ऑफिसात शिरताच माझा माऊस उताणा पडला. "ताई, फॉर्म पूर्ण आला," ते म्हणाले. "आता नेमानं पाहणं आलं."

जसकरणच्या घरी ते लॅपटॉप घेऊनच गेले होते. त्याचे वडील ट्रकच्या धंद्यातले, दिलखुलास माणूस. यांनी लॅपटॉप उघडताच त्यांनी झाकण खाली केलं म्हणे. "भाई साहब, फारम-शारम बाद विच. पहलां रोटी." दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात आले तेच पोटावर हात ठेवून. "ताई, त्यांच्याकडं वाढायला सुरुवात आहे, थांबायचं बटण नाही."

लग्न दोनदा झालं. सकाळी गुरुद्वाऱ्यात, संध्याकाळी आपल्या पद्धतीनं. मुलताईचे दोन मामा अंतरपाट धरून उभे होते, दोघंही बेताच्याच उंचीचे. जसकरणला त्यावरून नवरी आरामात दिसत होती. सगळे हसू लागले, तसे सासरेबुवा पुढे झाले आणि जावयाला म्हणाले, "डोळे मिट जी, मंगलाष्टकं होईतो." 'मिट' म्हणजे काय ते जसकरणला कळलं नाही. केतकीनं पलीकडून सांगितलं. त्यानं डोळे मिटले ते इतके घट्ट, की मंगलाष्टकं संपून वाजंत्री वाजू लागली तरी उघडेना.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. इथेच राहा म्हणून केतकीनं हट्ट धरला, जसकरणने तर मराठीत विनवलं, पण दारव्ह्याला घर होतं, थकलेले थोरले भाऊ होते. निरोपाच्या कार्यक्रमात ढिल्लोंजी भाषणाला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच रडू लागले. यांनी त्यांना पाणी दिलं आणि खाली बसवलं. स्वतःचं भाषण केलंच नाही.

नागपूरकडे जाणारी गाडी सुटायच्या बऱ्याच आधी आम्ही स्टेशनवर पोहोचलो होतो. सामान बाकाखाली नीट रचून झालं. तेवढ्यात जसकरणचे वडील प्लॅटफॉर्मवरून धावत आले. हातात घरच्या तुपाचा भला मोठा पत्र्याचा डबा.

"जागा नाही जी," हे म्हणाले.

"घ्यो दी जगह बण जांदी है, भाई साहब."

"प्रवासात सांडते."

"फेर गोद विच रक्खो."

वाद संपायच्या आत शिट्टी झाली. त्यांनी तो डबा यांच्या मांडीवर ठेवला, पाठीवर एक जोरकस थाप दिली आणि खाली उडी मारली.

गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत होतो. काचेआड ते दोन्ही हातांनी डबा कवटाळून बसले होते. हात हलवायचा तर डबा सोडावा लागला असता, आणि ते सोडायला तयार नव्हते. म्हणून नुसतीच मान हलवत राहिले, वर-खाली, वर-खाली, जणू बाहेरून कोणी काही विचारतंय आणि ते हो, हो म्हणतायत. चष्मा ओला होऊन नाकावरून घसरला होता. काकूंनी तो काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा त्यांच्या कानांवर नीट बसवला, आणि गाडीचा तो डबा पुढे निघून गेला.